पाल्गा म्हणजे नवीन: वागाडुगूच्या एका दैनिकाची गोष्ट

(हे या भागाचं शब्दांकन आहे. बोलताना होणारी पुनरुक्ती थोडी कमी केली आहे, बाकी जसं बोललो तसंच ठेवलं आहे.)

आजचा भाग एका वर्तमानपत्राबद्दल आहे, आणि सुरुवात त्याच्या नावापासूनच करावी लागेल. नाव आहे ‘लॉब्सेर्वातर पाल्गा’. पश्चिम आफ्रिकेतल्या बुर्किना फासो या देशाच्या राजधानीतून, वागाडुगूहून, निघणारं हे फ्रेंच दैनिक. आता ‘लॉब्सेर्वातर’ हा शब्द सरळ आहे. निरीक्षक, पाहणारा. पण ‘पाल्गा’ फ्रेंच शब्दकोशात शोधाल तर सापडणार नाही, कारण तो फ्रेंच नाहीच. तो मोरे भाषेतला शब्द आहे. मोसी लोकांची, म्हणजे या देशातल्या सगळ्यात मोठ्या समाजाची, ही भाषा. (मोरे आडनावाच्या श्रोत्यांनी कॉलर ताठ करायला हरकत नाही. संबंध काहीच नाही, पण हरकत नाही.) मोरे भाषेत पाल्गा म्हणजे नवा, नवीन.

एखादं वर्तमानपत्र स्वतःच्या नावापुढे ‘नवा’ असं का लावेल? कारण जुनं जळलं. जळलं म्हणजे अक्षरशः जळलं, आगीत. आणि ते कोणाच्या राजवटीत जळलं हे सांगितलं की आपल्यापैकी बऱ्याच जणांना जरा अवघडल्यासारखं होणार आहे. ज्या नेत्याचा फोटो टी-शर्टवर छापतात, ज्याच्या भाषणांचे तुकडे अजूनही मोबाईलवर फिरतात, त्या थॉमस सांकारांच्या राजवटीत.

थांबा, एवढ्यात निष्कर्षावर नको जायला. आधी देश समजून घेऊ.

बुर्किना फासोला समुद्र नाही. उत्तरेला माली, पूर्वेला नायजर, दक्षिणेला बेनिन, टोगो, घाना आणि आयव्हरी कोस्ट. समुद्र नसणं ही गोष्ट वर्तमानपत्राच्या कथेत कशाला, असं वाटेल, पण ती पुढे येणार आहे, लक्षात ठेवा. फ्रेंचांच्या काळात या भागाचं नाव होतं ‘ओत-व्होल्टा’, इंग्रजीत अपर व्होल्टा, म्हणजे व्होल्टा नदीचा वरचा भाग. 5 ऑगस्ट 1960 ला देश स्वतंत्र झाला, नाव तेच राहिलं. बुर्किना फासो हे नाव आलं 1984 मध्ये.

आणखी एक सूचना, नाहीतर गोंधळ होईल. या गोष्टीत ‘वेद्राओगो’ हे आडनाव वारंवार येईल. वर्तमानपत्र काढणारे दोघे वेद्राओगो, एक राष्ट्राध्यक्ष वेद्राओगो, पुढे एक ड्रायव्हर, तोही वेद्राओगो. ही सगळी एकाच घराण्यातली माणसं नाहीत. मोरे भाषेत या शब्दाचा अर्थ होतो घोडा, वळू घोडा, आणि तिथे हे आडनाव आपल्याकडच्या पाटील-शिंदेंसारखं गल्लोगल्ली आहे.

तर, 28 मे 1973 ला एदुआर वेद्राओगो आणि मार्शियाल वेद्राओगो यांनी ‘लॉब्सेर्वातर’ सुरू केलं. देशातलं पहिलं खाजगी दैनिक. यात एवढं काय विशेष, असं आपल्याला वाटू शकतं, कारण आपल्याकडे खाजगी वर्तमानपत्रं इंग्रज असतानाच होती. पण 1973 मधला फ्रेंच भाषिक पश्चिम आफ्रिका डोळ्यांसमोर आणा. अबिजानमध्ये दैनिक कोणतं? ‘फ्रातेर्निते मातँ’, सरकारचं. डाकारमध्ये? ‘ल सोलेय’, तेही सरकारचं. बामाकोमध्ये ‘लेसॉर’, गिनीत ‘होरोया’, टोगोत ‘टोगो-प्रेस’. सगळीकडे तोच प्रकार. राष्ट्राध्यक्ष सकाळी विमानतळावर कोणाला भेटले, हा पहिल्या पानाचा मजकूर. स्वातंत्र्य मिळालं होतं, पण दैनिक काढायचं ते सरकारने, हा रिवाज पडून गेला होता. त्यामागचा युक्तिवादही ठरलेला असायचा: देश नवा आहे, गरीब आहे, आधी बांधणी, टीका मग. हे वाक्य ऐकल्यासारखं वाटतं ना? ते सगळीकडेच ऐकू येतं.

मग ओत-व्होल्टासारख्या अतिशय गरीब देशात, जिथे बहुसंख्य लोकांना फ्रेंच वाचता येत नव्हतं, तिथे हे कसं जमलं? माझं उत्तर आहे, कामगार संघटना. हा देश गरीब होता, पण गप्प नव्हता. स्वातंत्र्यानंतरचे पहिले राष्ट्राध्यक्ष मोरिस यामेओगो यांनी एकपक्षीय कारभार आणला, सरकारी नोकरांच्या पगाराला कात्री लावली, आणि 3 जानेवारी 1966 ला वागाडुगूच्या रस्त्यांवर लोक उतरले. यामेओगोंना जावं लागलं. लष्कराने सूत्रं घेतली, सांगुले लामिझाना हे लष्करी अधिकारी प्रमुख झाले. पण सत्ता आपल्याला रस्त्याने दिली आहे आणि रस्ता ती परतही घेऊ शकतो, हे लामिझाना विसरले नाहीत. 1974 मध्ये त्यांनी संसद बरखास्त केली, 1975 मध्ये एकच राष्ट्रीय चळवळ उभी करण्याचा प्रयत्न केला, पण डिसेंबरात संघटनांनी सार्वत्रिक संप केला आणि त्यांनी माघार घेतली. 1978 मध्ये राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक झाली, तर सत्तेवरच्या लामिझानांना पहिल्या फेरीत बहुमतच मिळालं नाही, दुसऱ्या फेरीत जावं लागलं. त्या काळात, त्या भागात, हे जवळपास अशक्य वाटावं असं होतं.

अशा जमिनीत ‘लॉब्सेर्वातर’ रुजलं. सरकार आणि संघटना यांच्यामध्ये जी मोकळी जागा होती, तिथे. लष्करी अंमल असूनही हे दैनिक पहिली सात वर्षं निघत राहिलं.

नोव्हेंबर 1980 मध्ये पुन्हा बंड. कर्नल साये झेर्बो सत्तेवर आले. त्यांनी संपावर बंदी घातली. आणि सप्टेंबर 1981 मध्ये एका तरुण कॅप्टनला माहिती खात्याचा कारभार दिला. वय तेव्हा एकतीस. मंत्रिमंडळाच्या बैठकीला हा माणूस सायकलवरून गेला. नाव थॉमस सांकारा.

हा भाग मला फार महत्त्वाचा वाटतो, म्हणून इथे जरा रेंगाळणार आहे. सांकारांचा सरकारातला पहिला हुद्दा कोणता, तर वर्तमानपत्रं आणि रेडिओ सांभाळण्याचा. आणि तो त्यांनी सोडला कशावरून? एप्रिल 1982 मध्ये त्यांनी जाहीरपणे राजीनामा दिला, आणि जाता जाता जे बोलले त्याचा आशय असा होता की जनतेच्या तोंडात बोळा कोंबणाऱ्यांचं वाटोळं होईल. ते उद्गार देशभर गाजले. त्यांना राजधानीपासून दूर पाठवून दिलं गेलं. म्हणजे अभिव्यक्तीच्या बाजूने उभा राहून खुर्ची सोडणारा मंत्री, ही सांकारांची लोकांच्या मनातली पहिली प्रतिमा.

नोव्हेंबर 1982 मध्ये झेर्बोही गेले. लष्करातले डॉक्टर जाँ-बातिस्त वेद्राओगो राष्ट्राध्यक्ष झाले, आणि जानेवारी 1983 मध्ये सांकारा पंतप्रधान. इथे आपल्या देशाचा एक खराखुरा धागा येतो. मार्च 1983 मध्ये नवी दिल्लीत अलिप्त राष्ट्रांची परिषद भरली, इंदिरा गांधी यजमान होत्या, आणि ओत-व्होल्टाचे पंतप्रधान म्हणून सांकारा तिथे आले होते. फिदेल कॅस्ट्रोंशी त्यांची गाठ पडली ती दिल्लीत. त्यानंतर दोन महिन्यांत त्यांना अटक झाली, आणि 4 ऑगस्ट 1983 ला त्यांचे मित्र ब्लेझ कोम्पाओरे सैनिक घेऊन राजधानीत आले आणि सांकारा राष्ट्रप्रमुख झाले.

त्यांनी काय काय केलं याची यादी श्रोत्यांपैकी अनेकांना पाठ असेल. मंत्र्यांच्या मर्सिडीज काढून घेऊन छोट्या रेनो दिल्या. लाखो मुलांना एका मोहिमेत लसी टोचल्या. झाडं लावली. स्त्रियांच्या प्रश्नावर त्या काळात कुठला राष्ट्रप्रमुख बोलत नव्हता तितकं स्पष्ट बोलले. हे खरं आहे आणि ते मी कमी लेखणार नाही. पण त्याच पहिल्या वर्षात आणखीही काही होत होतं. गल्लोगल्ली क्रांतीच्या संरक्षणासाठी समित्या स्थापन झाल्या, त्यांच्या हातात शस्त्रं आली. लोकन्यायालयं बसली, त्यांची कामकाजं रेडिओवर ऐकवली जायची. मार्च 1984 मध्ये शिक्षकांनी संप केला, तर हजाराहून जास्त शिक्षकांना एका फटक्यात नोकरीवरून काढून टाकलं. म्हणजे ज्या संघटनांच्या जोरावर या देशात थोडी मोकळी हवा होती, त्या आता ‘प्रतिगामी’ ठरल्या.

आणि वर्तमानपत्र? 5 एप्रिल 1984 ला सरकारने स्वतःचं दैनिक काढलं. नाव ‘सिदवाया’. हेही मोरे. अर्थ: सत्य आलं आहे.

आता बघा हं. सत्य आलं एप्रिलमध्ये. 10 जून 1984 ला ‘लॉब्सेर्वातर’ची कचेरी जळून खाक झाली.

मध्ये फक्त दोन महिने. त्याच दिवसांत राजधानीतलं वातावरण कसं होतं तेही सांगतो. मेच्या शेवटी सरकार उलथवण्याचा कट उघडकीस आल्याचं जाहीर झालं होतं, आणि जूनच्या दुसऱ्या आठवड्यात सात जणांना गोळ्या घालून मारण्यात आलं. त्यात वागाडुगूचे माजी महापौर होते. अशा आठवड्यात शहरातलं एकमेव खाजगी दैनिक पेटतं. आग क्रांतीच्या समर्थकांनी लावली, असं तेव्हापासून म्हटलं जातं. न्यायालयात मात्र कोणावर काही सिद्ध झालेलं नाही. सांकारांनी हुकूम दिला होता असं मी म्हणत नाही, म्हणता येणारही नाही. पण हुकमाची गरज असते का? रोज रेडिओवरून जनतेचे शत्रू कोण ते सांगितलं जात असेल, गल्लीतल्या पोरांच्या हातात बंदूक असेल, आणि दैनिकाचा दरवाजा रस्त्यावर उघडत असेल, तर बाकीचं आपोआप होतं. आणि झाल्यावर ज्या माणसाने जनतेच्या तोंडात बोळा कोंबू नका म्हणून मंत्रिपद फेकलं होतं, त्याच्या सरकारने ते दैनिक पुन्हा उभं राहू दिलं नाही, ही तर उघड दिसणारी गोष्ट आहे.

ऑगस्टमध्ये, आगीनंतर आठ आठवड्यांनी, देशाचं नाव बदललं. बुर्किना हा मोरे शब्द, सचोटी असा काहीसा अर्थ. फासो हा जुला भाषेतला, बापाचं घर. सचोटीने वागणाऱ्या माणसांचं घर. सुंदर नाव आहे, खरोखर. त्या घरात जुनं दैनिक नव्हतं एवढंच.

एक गंमत, गंमतच म्हणायची. 1986 मध्ये सरकारनेच एक विनोदी साप्ताहिक सुरू केलं, ‘लँत्र्यु’, म्हणजे आगंतुक. टिंगल करायची मोकळीक होती, पण छापखाना सरकारचा, पगार सरकारचा. त्यात काही चांगले लिहिणारे होते, ते वाचणाऱ्यांना आवडायचंही. पण स्वतःची थट्टा स्वतःच छापणं आणि दुसऱ्याने केलेली थट्टा सोसणं, यातला फरक समजायला पत्रकारितेची पदवी लागत नाही.

15 ऑक्टोबर 1987. सांकारा मारले गेले, त्यांच्याबरोबर बाराजण. सत्तेवर आले तेच मित्र, ब्लेझ कोम्पाओरे. आता ज्यांना सांकारा आवडत नाहीत ते लगेच म्हणतील, बघा, सांकारांनी बंद पाडलं आणि कोम्पाओरेंनी सुरू करू दिलं. मी तारखा मोजल्या. आगीपासून सांकारांच्या मृत्यूपर्यंत तीन वर्षं चार महिने. सांकारांच्या मृत्यूपासून ‘लॉब्सेर्वातर’ परत निघालं तोपर्यंत पुन्हा तीन वर्षं चार महिने. निम्मं-निम्मं! कोम्पाओरेंनाही काही घाई नव्हती. घाई झाली ती बर्लिनची भिंत पडल्यावर, फ्रान्सने 1990 मध्ये मदतीची सांगड लोकशाहीशी घालायला सुरुवात केल्यावर, शेजारी बेनिनमध्ये राष्ट्रीय परिषद भरून एकपक्षीय राजवट संपल्यावर. मग बुर्किनातही संविधानाची तयारी सुरू झाली, जून 1991 मध्ये सार्वमत झालं.

आणि त्याआधी, फेब्रुवारी 1991 मध्ये, ‘लॉब्सेर्वातर पाल्गा’ बाजारात आलं. नवा निरीक्षक. मला या नावातली शांतपणे काढलेली खोच आवडते. ‘सत्य आलं आहे’ म्हणणाऱ्या दैनिकाच्या शेजारी, त्याच भाषेतला एक साधा शब्द. आम्ही नवे आहोत. जुने कुठे गेले, ते तुम्हाला ठाऊक आहे.

त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये दुसरं खाजगी दैनिक आलं, ‘ल पेई’, म्हणजे देश. विनोदी साप्ताहिकं आली. खाजगी रेडिओ केंद्रं आली. रेडिओचं महत्त्व इथे सांगायलाच हवं, कारण फ्रेंच दैनिक कितीसे लोक वाचणार हा प्रश्न तुमच्या मनात आला असेल. वाचणारे थोडे, ऐकणारे पुष्कळ. सकाळी एफएम केंद्रावर कोणीतरी त्या दिवसाची वर्तमानपत्रं समोर घेऊन बसतो आणि मथळे मोरेमध्ये, जुलामध्ये सांगतो. तेही आपल्या पदरचं मीठमसाला लावून. बाजारात भाजी विकणाऱ्या बाईला फ्रेंचचा एक शब्द येत नसला तरी आज छापून काय आलं हे तिला ठाऊक असतं. आपल्याकडे गावच्या पारावर एकजण केसरी वाचायचा आणि बाकीचे ऐकायचे, त्याच जातीचं हे.

आणि मग समुद्र. मघाशी लक्षात ठेवा म्हटलं होतं ते. बुर्किनात वर्तमानपत्राचा कागद बनत नाही. तो परदेशातून अबिजान, लोमे किंवा टेमा बंदरात उतरायचा, आणि तिथून रेल्वेने किंवा ट्रकने शेकडो किलोमीटर आत यायचा. जानेवारी 1994 मध्ये सीएफए फ्रँक या तिथल्या चलनाची किंमत एका दिवसात निम्म्यावर आणली गेली. आधी एका फ्रेंच फ्रँकला पन्नास, नंतर शंभर. आयात कागदाचं, शाईचं, प्लेटांचं बिल एका रात्रीत दुप्पट. वाचकाचा पगार मात्र तेवढाच. तीन वर्षांच्या ‘नव्या’ दैनिकाने हे कसं निभावलं असेल याचा विचार करा. वर्तमानपत्र बंद पाडायला प्रत्येक वेळी काडेपेटी लागत नाही. पुढे खाजगी वर्तमानपत्रांना दरवर्षी सरकारी अनुदान मिळू लागलं. मग ती स्वतंत्र कशी, असा प्रश्न तिथलेही लोक विचारतात, आणि तो रास्त आहे.

या दैनिकात एक सदर आहे, त्यामुळे ते मला जवळचं वाटतं. दर शुक्रवारी ‘लायेला पत्र’. लाये हे राजधानीच्या वायव्येचं एक गाव. शहरात राहणारा एक माणूस गावातल्या आपल्या चुलतभावाला पत्र लिहितो आणि आठवड्यात राजधानीत काय काय झालं ते कळवतो. सहीला टोपणनाव. त्यात तिपोको नावाची एक कळलावी बाई येते, ती कुठूनतरी कानावर आलेल्या गोष्टी आणून देते. आता हे किती हुशारीचं आहे बघा. मंत्र्याने काय खाल्लं ही बातमी म्हणून छापली तर पुरावा द्यावा लागतो. पण तिपोको म्हणाली, आणि मी चुलतभावाला कळवलं, यावर काय करणार? मोसी समाजात थट्टेचं नातं ही जुनी रीत आहे, काही समाजांनी एकमेकांना काहीही बोलावं, राग धरायचा नाही. त्या रीतीची सावली या पत्रात दिसते, असं मला वाटतं. फ्रेंच भाषेत लिहिलेलं, पण ओट्यावर बसून सांगितल्यासारखं.

पण थट्टेने सगळं भागत नाही. 13 डिसेंबर 1998 ला वागाडुगूच्या दक्षिणेला सापुई गावाजवळ रस्त्यावर एक जळलेली गाडी सापडली. आत चार मृतदेह. एक होता नॉर्बेर झोंगो यांचा. ते ‘लॅंदेपांदाँ’ या साप्ताहिकाचे संपादक. दैनिकाचे नव्हेत, पण या गोष्टीतून त्यांना वगळून चालणार नाही. राष्ट्राध्यक्षांचे भाऊ फ्रांस्वा कोम्पाओरे यांच्याकडे दाव्हिद वेद्राओगो नावाचा ड्रायव्हर होता. चोरीच्या आळावरून राष्ट्राध्यक्षांच्या रक्षकदलाने त्याला पकडलं आणि छळात तो मेला. झोंगो आठवड्यामागून आठवडे एकच प्रश्न छापत होते: दाव्हिदचं काय झालं? आणि मग ती गाडी.

1984 मध्ये कचेरी जळली तेव्हा शहर गप्प राहिलं होतं. या वेळी राहिलं नाही. विद्यार्थी, संघटना, पक्ष, सगळे रस्त्यावर. ‘पुरे म्हणजे पुरे’ ही घोषणा झाली. सरकारला चौकशी आयोग नेमावा लागला, आणि मे 1999 मध्ये आयोगाने सांगितलं की खून झोंगोंच्या चौकशीमुळे झाला, आणि रक्षकदलातल्या सहा जणांवर गंभीर संशय आहे. त्यातल्या एकावर आरोप ठेवला गेला, 2006 मध्ये तोही सुटला. पुढे मार्च 2014 मध्ये आफ्रिकी मानवाधिकार न्यायालयाने निकाल दिला की या प्रकरणाचा नीट तपास करण्यात बुर्किना सरकार कमी पडलं. त्याच वर्षी डिसेंबरात त्याच न्यायालयाचा आणखी एक निकाल आला, बुर्किनाच्याच एका साप्ताहिकाच्या संपादकाच्या खटल्यात: बदनामीसाठी पत्रकाराला तुरुंगात टाकणं योग्य नाही. आफ्रिकाभरच्या पत्रकारांना हा निकाल उपयोगी पडणारा होता.

आणि या दोन निकालांच्या मध्ये, ऑक्टोबर 2014 च्या शेवटच्या दोन दिवसांत, लोकांनी संसद पेटवली आणि सत्तावीस वर्षं सत्तेवर असलेले कोम्पाओरे देश सोडून गेले. मोर्च्यांत सांकारांचे फोटो होते आणि झोंगोंचेही. एकाच हातात दोन्ही. ‘लॉब्सेर्वातर’ची आग लक्षात असलेल्या वाचकाला ते फोटो शेजारी-शेजारी बघताना काय वाटलं असेल, हे मला नेहमी विचारावंसं वाटतं.

त्यानंतरची काही वर्षं खरंच चांगली होती. पत्रकारांच्या स्वातंत्र्याची जी जागतिक क्रमवारी दरवर्षी पॅरिसहून जाहीर होते, तिच्यात 2021 मध्ये बुर्किना फासो 37 वा होता. भारत तेव्हा 142 वा. हो, बरोबर ऐकलंत.

2022 मध्ये दोन लष्करी बंडं झाली, जानेवारीत आणि सप्टेंबरात. आता सत्तेवर कॅप्टन इब्राहिम त्राओरे आहेत. आले तेव्हा चौतीस वर्षांचे, सांकारा सत्तेवर आले होते जवळपास त्याच वयाचे, आणि आपण सांकारांचा वारसा चालवतो असं ते सांगतात. देशाच्या मोठ्या भागात जिहादी गटांशी लढाई चालू आहे, लाखो लोक घरदार सोडून आलेले आहेत, ही पार्श्वभूमी विसरून बोलणं अन्यायाचं होईल. पण फ्रेंच रेडिओ आणि वाहिन्या बंद झाल्या, परदेशी बातमीदारांना हाकललं, आणि मग पाळी देशातल्यांची आली. जून 2024 मध्ये ‘लेव्हेनमाँ’ या पाक्षिकाचे संचालक अतियाना सेर्ज ऊलाँ यांना त्यांच्या घरातून नेलं. पुढे कळलं की त्यांना लष्करी सेवेत भरती केलं आहे. टीका करणाऱ्याला तुरुंगात नव्हे, आघाडीवर पाठवायचं. मार्च 2025 मध्ये पत्रकार संघटनेच्या अध्यक्ष आणि उपाध्यक्षांना उचललं. त्या वर्षी क्रमवारीत देश 105 वर गेला.

आणि समाजमाध्यमांवर, आफ्रिकेत आणि आपल्याकडेही, त्राओरेंचे व्हिडिओ फिरतात. पाश्चात्त्यांना सुनावणारा तरुण कॅप्टन. खाली प्रतिक्रिया असतात, आम्हालाही असा नेता हवा. ती भावना मला समजते, फ्रेंचांनी त्या भागाचं काय केलं ते आपण आधीच्या भागांत पाहिलंय. फक्त, दाव्हिदचं काय झालं हा प्रश्न जसा छापला गेला, तसा ऊलाँ कुठे आहेत हा प्रश्न वागाडुगूत आज कोणी, किती मोठ्या टायपात छापू शकतं, एवढं तो व्हिडिओ पुढे पाठवण्याआधी बघा.

शेवटी भाषेचं सांगतो. 2023 च्या अखेरीस बुर्किना फासोने संविधान बदललं. मोरे, जुला या राष्ट्रीय भाषा आता अधिकृत झाल्या, फ्रेंच फक्त कामकाजाची भाषा उरली. वसाहतीच्या ओझ्यातून सुटका म्हणून बरेच लोक याकडे बघतात, आणि त्यात चूक काही नाही. ‘लॉब्सेर्वातर पाल्गा’ अजून फ्रेंचमध्येच निघतं. मथळ्यातला तो एक शब्द तेवढा 1991 पासून मोरे आहे.